एका मार्काचा नायहोम

मार्च महिना, टीवायची प्रॅक्टिकल परीक्षा, आणि लॅबमध्ये अमोनियाचा वास इतका की दारात उभं राहिलं तरी डोळ्यांतून पाणी यायचं. एक्झॉस्ट फॅन नेहमीसारखा बंद. निकेलचं एस्टिमेशन आलेली पाच-सहा मुलं होती त्यात ही ३४ नंबरची मुलगी. हिचं नाव मी इथं लिहीत नाही, ३४ नंबरच म्हणते. गरम सोल्युशनमध्ये डीएमजी, म्हणजे निकेलला लाल रंग देणारं रसायन, टाकायचं, मग थेंब थेंब अमोनिया, आणि एकदम तो लाल रंग उठतो ना, ओल्या कुंकवासारखा, तो मी एकोणीस वर्षं बघतेय तरी दर वेळी मान वळतेच माझी. हिचा प्रेसिपिटेट, म्हणजे तो लाल साका, छान जमला होता, बीकरच्या काठावर चढायला लागला होता आणि ही रबर लावलेल्या काचेच्या कांडीने त्याला हळूच खाली ढकलत होती, ताटातला भात मधे ओढावा तसं. तेवढ्यात वायव्हासाठी नंबर पुकारला.

एक्स्टर्नल बाहेरच्या कॉलेजचे, सिनिअर, सकाळपासून चौथा चहा चालू. त्यांनी विचारलं, व्हीएसईपीआर थिअरी, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोड्यांवरून रेणूचा आकार सांगणारी, ती कुणी दिली. हिनं क्षणात सांगितलं, गिलेस्पी आणि निहोल्म. बरोबर. तिथं थांबायला हरकत नव्हती. पण सर मूडमध्ये होते, हसत म्हणाले, "मग हा निहोल्म कोण?" ती गप्प. मग अगदी सरळपणानं, त्यात उद्धटपणा शोधून सापडला नसता, म्हणाली, "माहीत नाही सर. तुम्ही सांगा ना."

तीन सेकंद असतील. चार म्हणा. वरच्या पंख्याचा आवाज ऐकू आला मला.

सरांनी घसा साफ केला, "ते तुम्ही वाचायचं असतं" म्हणाले, आणि दहापैकी सहा टाकले. ती गेल्यावर माझ्याकडं बघून, "हल्लीची मुलं फार बोलतात हो मॅडम." मी काय केलं? मी हसले. आणि मार्कलिस्टवर इंटर्नल म्हणून सही केली. त्या मुलीला आठ तरी द्यायला हवे होते हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत असावं, पण पेपर तपासणीला आपली परत गाठ पडणार, उगाच कशाला, असं सगळं त्या सहीत होतं. त्याहून वाईट म्हणजे मलाही माहीत नव्हतं निहोल्म कोण ते. एकोणीस वर्षं दर जुलैमध्ये एफवायला फळ्यावर ते नाव लिहितेय, दोन नावं, मधे डॅश, आणि पुढच्या ओळीत सरळ मिथेन.

खरं तर त्या दोन नावांची आपल्याकडं एक जोडी होऊन गेलीय, लक्ष्मीकांत-प्यारेलाल कसं एकाच दमात म्हणतो तसं. सिजविक-पॉवेल यांनी १९४० साली मांडली, गिलेस्पी-निहोल्म यांनी १९५७ साली वाढवली, एक मार्क. मुलं हे वाक्य अकरावीत पाठ करतात, मग सीईटीला, मग एफवायला, मग विसरतात. आणि त्यानंतरचं टेबल म्हणजे तर पाढेच. दोन जोड्या लिनियर, तीन ट्रायगोनल प्लॅनर, चार टेट्राहेड्रल, लोन पेअर, म्हणजे बाँडमध्ये न गुंतलेली जोडी, आली की अँगल कमी, मिथेन साडेएकशेनऊ, अमोनिया एकशेसात, पाणी साडेएकशेचार. मी पण असंच शिकले, असंच शिकवते, चाल लावून सुद्धा शिकवते.

त्या रात्री जेवणं झाल्यावर फोन घेऊन बसले शोधायला. आधी तर उच्चारच चुकीचा निघाला, नायहोम म्हणायचं असतं, मी आजवर निहोल्म, निहोल्म करत आले आणि माझ्यामुळं किमान हजारभर पोरंही. रोनाल्ड सिडनी नायहोम. ऑस्ट्रेलियन. आणि गंमत म्हणजे गिलेस्पी पण रोनाल्डच, म्हणजे ती थिअरी दोन रोनाल्डांची. हे जर मला कुणी एफवायला सांगितलं असतं ना, तर परीक्षेत एक मार्क नक्की आठवला असता.

पण खरी मजा पुढं आहे. हा माणूस १९१७ साली जन्मला ते गाव, ब्रोकन हिल. न्यू साउथ वेल्सच्या पश्चिम टोकाला, वाळवंटाच्या काठावर, चांदी-शिसं-जस्ताच्या खाणीचं गाव. आणि त्या गावातल्या रस्त्यांची नावं बघा, अर्जेंट स्ट्रीट, ऑक्साइड स्ट्रीट, सल्फाइड स्ट्रीट, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, कोबाल्ट, बेरिल. मी नकाशा मोठा करून करून बघत बसले. आपल्याकडं गाव कुठलंही असो, टिळक रोड आणि गांधी चौक ठरलेला, आणि तिथं पोरगं आईनं सांगितलं म्हणून क्लोराइडच्या कोपऱ्यावरून पाव आणायला जातंय. रिक्षावाल्याला कसं सांगत असतील, दादा, ब्रोमाइड क्रॉस करून डावीकडं घ्या. माझा नवरा म्हणाला काय एकटीच हसतेस. त्याला सांगितलं तर म्हणाला मग त्याला दुसरं काय होता येणार होतं, केमिस्टच झाला असेल. पण तसं थोडंच असतं. त्या रस्त्यांवर वाढलेली बाकीची पोरं खाणीतही गेलीच की.

ब्रोकन हिलवरून सिडनी युनिव्हर्सिटी, आणि नंतर, १९४० च्या सुमारास, सिडनी टेक्निकल कॉलेजमध्ये शिकवण्याची नोकरी. इथं मी फोन बाजूला ठेवला, कारण मला कुठंतरी टोचलं. मोठी युनिव्हर्सिटी नव्हे, टेक्निकल कॉलेज. दिवसभर कारखान्यात काम करून संध्याकाळी डिप्लोमा करायला येणारी मुलं असली जागा. वर युद्धाचा काळ. आणि त्या कॉलेजात फ्रान्सिस ड्वायर म्हणून दुसरे एक शिक्षक होते, त्यांच्याबरोबर नायहोमनं रोडियमची कॉम्प्लेक्सेस, म्हणजे धातूभोवती दुसरे रेणू जोडून केलेली संयुगं, करून पेपरांवर पेपर छापले. रोडियम, प्लॅटिनमच्या घरातला महागडा धातू! आमच्या स्टोअरमध्ये सिल्व्हर नायट्रेटची बाटली कुलपात असते आणि तिची किल्ली मागायला अर्ज करावा लागतो.

माझी पण एक गोष्ट आहे, सांगण्यासारखी नाही, पण इथं त्याशिवाय पुढं जाता येणार नाही. एमएस्सीनंतर मी पीएचडीला रजिस्ट्रेशन केलं होतं, शिफ बेस कॉम्प्लेक्सेस, जे तेव्हा महाराष्ट्रातली निम्मी इनऑर्गॅनिकवाली जनता करत होती. सॅलिसिलाल्डिहाइड घ्या, एखादं अमाइन घ्या, रिफ्लक्स करा, पिवळेधमक क्रिस्टल पडतात, त्यात कॉपर घाला हिरवं, निकेल घाला नारिंगी, कोबाल्ट घाला तपकिरी. आणि सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबानं, दोन कॉलेजांत तासिका, सकाळी एकीकडं, दुपारी दुसरीकडं, मधे एसटी. चारेक वर्षांत बारा-तेरा कॉम्प्लेक्सेस केली असतील. सॅम्पल स्पेक्ट्रासाठी लांब एका ठिकाणी पाठवायची, ते सात महिन्यांनी यायचे, एकदा तर आले त्यातले अर्धे दुसऱ्याच कुणाचे. गाइड रिटायर झाले. मला परमनंट ऑर्डर मिळाली, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी सुटल्यासारखं वाटलं. लोक म्हणतात संसारामुळं राहिलं, मी पण तसंच म्हणते, सोपं पडतं सांगायला. पण संसारानं काही अडवलं नव्हतं. कंटाळले होते मी. त्या छोट्या शिश्या अजून आमच्या लॅबच्या कपाटात वरच्या फळीवर आहेत, लेबलवरची शाई उडालीय, हिरवा रंग मात्र तसाच आहे.

म्हणून टेक्निकल कॉलेज वाचल्यावर टोचलं. म्हणजे जागेचं कारण चालत नाही तर. मग लगेच मनाचा वकील उभा राहिलाच, त्याला ड्वायर होता, तुला कोण होतं? आणि हे काही अगदीच खोटं नाही. शेजारच्या टेबलावर एक वेडा माणूस असणं, ज्याला सकाळी विचारता येतं की काल रंग का बदलला रे, याची किंमत संशोधनात फार आहे, आणि ती प्रमोशनच्या कुठल्या गुणांत धरत नाहीत. पण हेही तितकंच खरं की मी कुणाची ड्वायर झाले नाही.

असो.

१९४७ ला नायहोम फेलोशिपवर लंडनला गेला, युनिव्हर्सिटी कॉलेजात, इनगोल्डच्या डिपार्टमेंटमध्ये. इनगोल्ड म्हणजे आपले एसएन-वन एसएन-टूवाले, ऑर्गॅनिक रिअॅक्शन कशा घडतात ते सांगणारे. तिथं नायहोमनं एक लिगंड, म्हणजे धातूला चिकटणारा रेणू, धरला, डायआर्स म्हणतात त्याला, बेंझिनच्या रिंगवर शेजारी शेजारी दोन आर्सेनिक, दोन्ही हातांनी मेटलला पकडणारा. चॅट आणि मान या दोन केमिस्टांनी तो १९३९ मध्ये केलेला, पण त्याच्यातून काय काय निघतं ते दाखवलं नायहोमनं. विषारी प्रकरण, आर्सिनांना लसणासारखा वास येतो म्हणतात, आमच्याकडं आर्सेनिकचं नाव काढलं तरी शिपाई काका लॅबबाहेर जातील. तर या डायआर्सच्या पकडीत निकेल चक्क तीन चार्जवर नीट बसतं. आम्हाला निकेल म्हणजे दोन. निकेल टू प्लस, हिरवं सोल्युशन, डीएमजी लाल, विषय संपला. त्यानं ते तीनवर नेलं, पुढं चारवरही. टायटॅनियमभोवती आठ जागा भरलेलं कॉम्प्लेक्स त्याच्याच ग्रुपमधून १९६२ ला आलं. धातूला जे चालत नाही असं पुस्तकं सांगतात ते त्याला चालतं का बघू या, अशी काहीतरी खोड असणार त्या माणसाला. एखादा व्रात्य मुलगा दगड उलटून खाली काय आहे बघतो तशी.

आणि मग एक गोष्ट वाचून मी खरंच ताठ बसले. आपला तो प्रश्न आठवतोय? बीएस्सी केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. निकेल टेट्राक्लोराइड आयन पॅरामॅग्नेटिक आणि निकेल टेट्रासायनाइड डायमॅग्नेटिक, म्हणजे एकाला चुंबक ओढतो, दुसऱ्याला नाही, का ते स्पष्ट करा, पाच मार्क. क्लोराइडवालं टेट्राहेड्रल, सायनाइडवालं स्क्वेअर प्लॅनर, खोके काढायचे, बाण काढायचे, डीएसपी-टू, झालं. आम्हाला ते असं सांगतात जणू ब्रह्मदेवानंच ठरवून दिलंय. पण निकेल टूची अशी साधी टेट्राहेड्रल कॉम्प्लेक्सेस खरोखर असतात हे १९५९ मध्ये गिल आणि नायहोमच्या पेपरनं दाखवलं. म्हणजे तोपर्यंत त्यावर वाद होता! कुणीतरी ते निळे क्रिस्टल पाडले, मॅग्नेटच्या मधे टांगले, वजन किती वाढतंय ते बघितलं. आमच्या एमएस्सीच्या डिपार्टमेंटला हेच मोजायचा तराजू, गॉय बॅलन्स होता, कोपऱ्यात, वर जुन्या पडद्याचं कापड टाकलेला. दोन वर्षांत ते कापड एकदाच निघालं, कमिटी आली होती तेव्हा. त्याचं डायग्राम मात्र आम्ही सगळ्यांनी पेन्सिलनं सुबक काढलं होतं.

मी हे सगळं एका रात्रीत नाही वाचलं, आठवडाभर चाललं होतं, पेपर तपासता तपासता. १९५७ चा तो गिलेस्पीबरोबरचा लेख क्वार्टर्ली रिव्ह्यूजमध्ये आला, आणि त्यात व्हीएसईपीआर हे नाव नाहीच. ते नाव गिलेस्पीनं नंतर १९६३ मध्ये दिलं, कॅनडाला गेल्यावर, आणि ते पण जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशनमध्ये. हे मला फार आवडलं, का ते सांगते. क्वांटमची भारी गणितं येत नसली तरी शिकणाऱ्याला रेणूचा आकार हातात यावा, अशी ती थिअरी आहे. विद्वान लोक अजून तिच्यात खोट काढतात, काढू देत. इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून जमेल तितक्या लांब जातात. बस्स. लोकलच्या डब्यात अनोळखी माणसं बसतात तशा. आणि लोन पेअर म्हणजे पाय पसरून बसणारा काका, त्याला जास्त जागा लागते, बाकीचे आक्रसतात.

रविवारी मी बाजारातून फुगे आणले. लोक शिकवायला फुगे वापरतात हे मला माहीत होतं, स्वतः कधी केलं नव्हतं. चार फुगे सारखे फुगवले, दोन-दोनच्या जोड्या बांधल्या आणि मग त्या जोड्या एकमेकींत पिळून अडकवल्या. हात काढला, आणि ते आपोआप टेट्राहेड्रल झाले. मी काहीच केलं नाही. जमिनीवर टाकले, तीन पायांवर उभे राहिले, चौथा वर. दाबून सपाट केले, सोडले, परत तसेच. मग टाचणीनं एक फोडला, आणि उरलेले तिघं सरकन एका पातळीत आले, एकशेवीस-एकशेवीस. मी परत चार बांधले आणि परत एक फोडला. असं चार वेळा. शेजारच्या काकू आल्या, म्हणाल्या अगं कुणाचा वाढदिवस आहे का. मी म्हटलं, नाही हो, मिथेन आहे. त्या गेल्यावर मला थोडं रडू आल्यासारखं झालं, नक्की कशाचं ते सांगता येणार नाही. एकोणीस वर्षं जे हातवारे करून सांगत होते ते वीस रुपयांच्या फुग्यांनी माझं न ऐकता करून दाखवलं, याचा आनंदही होता त्यात.

नायहोम शाळेच्या शिक्षणात का पडला असेल याचा मी फार विचार केला. त्याला गरज नव्हती. १९५५ पासून लंडनला प्रोफेसर, १९५८ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो, नंतर डिपार्टमेंटचा हेड, १९६७ ला सर ही पदवी. पहिल्याच भाषणात, १९५६ मध्ये, त्यानं इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीच्या पुनर्जन्माचा विषय घेतला होता. म्हणजे तोपर्यंत हा विषय म्हणजे धातूंची वंशावळ आणि क्षारांच्या रंगांची यादी, आणि हा म्हणत होता की आता रचना, बाँड, रिअॅक्शन सगळं एकत्र बघायचं. इतपत समजतं, आपल्या विषयाची बाजू सगळेच मांडतात. पण हा पुढं ब्रिटनमधल्या नफील्ड फाउंडेशनच्या प्रोजेक्टमध्ये शाळेच्या केमिस्ट्रीच्या कमिटीवर अध्यक्ष म्हणून बसला, जिथं ठरत होतं की पोरांना आधी उत्तर सांगायचं नाही, आधी करायला द्यायचं, बघू द्यायचं, मग विचारायचं काय झालं. एज्युकेशन इन केमिस्ट्री नावाचं शिक्षकांसाठीचं नियतकालिक १९६४ ला निघालं, त्यातही त्याचा हात. बैठका, मिनिट्स, शिक्षकांच्या तक्रारी, लॅबचं बजेट, हे सगळं मला चांगलं माहितीये, आमच्या बोर्ड ऑफ स्टडीजमध्ये एक प्रॅक्टिकल बदलायला तीन वर्षं लागली होती आणि ते बदलल्यावर केमिकलच मिळेनात. संशोधनात ज्याचं नाव झालंय असा माणूस हे स्वतःहून अंगावर घेतो, तो एक तर फार भला असतो नाही तर त्याला शिकवण्याचं व्यसन असतं. माझा कौल व्यसनाला आहे. टेक्निकल कॉलेजातली ती वर्षं उतरली नसणार अंगातून.

आणि अशा माणसाचं आपल्याकडं काय झालं, तर एक मार्काचं उत्तर. आधी करा मग बोला म्हणणाऱ्याचं नाव आपण पोरांना न दाखवता, न करू देता पाठ करायला लावतो. मी लावते. त्यात परत वरून विचारतो, तो कोण.

१९७१ च्या ४ डिसेंबरला केंब्रिजजवळ मोटार अपघातात तो गेला, चोपन्न वर्षांचा होता. मी यंदा एकोणपन्नासची झाले, त्यामुळं आकडे वाचले की वजाबाकी आपोआप होते. पुढं त्याच्या नावानं तिकडं दोन पारितोषिकं दिली गेली, एक इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीला, एक शिक्षणाला. वेगवेगळ्या माणसांना. दोन्ही एकाच माणसात असायची गोष्ट जुनीच झाली म्हणायची.

जूनमध्ये ३४ नंबर आली, नो ड्यूजवर सही घ्यायला. रिझल्ट लागला होता, फर्स्ट क्लास होता, डिस्टिंक्शन दोन मार्कांनी गेलं होतं. दोन मार्कांनी. मी फॉर्म हातात घेतला आणि सही न करता म्हटलं, अगं बस, तुला एक सांगायचंय. मग सगळं सांगितलं, ब्रोकन हिल, सल्फाइड स्ट्रीट, आर्सेनिक, निळे क्रिस्टल. ड्रॉवरमध्ये चार फुगे होते ते पण फुगवले, तिनं दोन फुगवले, मी दोन. तिनं स्वतः फोडला एक. ते तिघं सपाट झाल्यावर ती "हो की!" म्हणाली आणि दुसराही फोडला, मला न विचारता, मग उरलेले दोन समोरासमोर, लिनियर. मला चारांतून दोन फोडायचं सुचलंच नव्हतं.

मग ती दोऱ्याची गाठ सोडवत बसली थोडा वेळ.

"मॅडम, त्या सरांना माहीत होतं का हो, तो कोण ते?"

"नसावं."

"आणि तुम्हाला?"

"तेव्हा? नव्हतं."

तिनं मान हलवली. रागावली असं वाटलं नाही, हिशोब करत होती बहुतेक. म्हणाली, "मग आपल्या तिघांना पण सहा-सहाच पाहिजे होते."

मी काही बोलले नाही. तिनं पर्समधून घडी घातलेल्या नोटा काढल्या, फुटलेल्या पिपेटचे ऐंशी रुपये, टेबलावर फॉर्मशेजारी ठेवल्या आणि घड्याळाकडं बघितलं. "सही करता का मॅडम, पावणेपाचची एसटी आहे."